भिकुबाई आणि कडू पिठाच्या कॅप्सुला

भिकुबाई सुपडू झोपे. आडनाव झोपे आणि दहा वर्षं धड झोप नाही. तिचा केसपेपर मी पहिल्यांदा लिहिला तेव्हा मला हसू आलं होतं. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "हास, बन्सीभाऊ, हास. तुह्या छातीत हवा आहे तं हासून घे."

जळगावला डॉक्टर नारखेड्यांच्या दवाखान्यात मी औषधं द्यायच्या खिडकीत बसायचो. गोळ्या मोजणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणं आणि लोकांना 'जेवणानंतर' म्हणजे खरंच जेवणानंतर हे पटवून देणं, एवढंच माझं काम. भिकुबाईला मी भिकुअक्का म्हणायचो. वयानं ती माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल; तोंडानं तर कुणाहीपेक्षा मोठी होती.

ती असोद्याची. सोळाव्या वर्षापासून जळगावच्या एका जिनात कामाला. जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. हंगाम लागला की त्या पत्र्याच्या शेडमध्ये कापसाची तूस इतकी उडायची, की संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या बायका पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या दिसत. तिशी ओलांडली आणि भिकुबाईला दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग बसल्याजागी.

त्यानंतर तिनं जे उपाय केले त्यांची यादी ती कुणालाही, न विचारता, ऐकवायची. दोन ताईत. एका बुवाचा अंगारा, जो घेतल्यावर खोकला वाढला, कारण अंगारा म्हणजे शेवटी राखच. आणि सलग तीन वर्षं कोजागिरीची औषधी खीर, जी खाऊन रात्रभर जागायचं असतं. "दमेकऱ्याले रात्रभर जागायले सांगते!" ती म्हणायची. "अरे मुडद्या, आमी रोजच जागतो. झोपायची खीर असली तं दे."

शेवटी सासू रुक्माबाई कामाला आली. बांधावरची भुईरिंगणी मुळासकट उपटायची, ठेचायची, चिमूटभर पिंपळी घालून काढा करायचा. भुईरिंगणी तुम्ही पाहिली असेल, पाहिली नसेल तर तुडवली नक्की असेल. जमिनीला चिकटून पसरते, पानापानावर काटे, जांभळी फुलं आणि गोट्यांएवढी पिवळी फळं. भिकुबाईला त्या काढ्यानं बरं वाटलं. पूर्ण नाही, पण रात्रीतले तीन तास पाठ टेकता येऊ लागली.

गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. दर रविवारी तिच्या दारात माणसं जमायला लागली. भुसावळचे रेल्वेवाले, मुक्ताईनगरकडचे शेतकरी, एकदा तर एक फौजदार. भिकुबाई कुणाकडून काही घेत नव्हती. अट एकच: ज्याचा दमा, त्यानं रिंगणी स्वतःच्या हातानं उपटायची.

"काटे टोचल्याबिगर गुण येत नाही," ती गंभीर चेहऱ्यानं सांगायची.

मी एकदा तिला विचारलं, "अक्का, हे खरं?"

"कायचं खरं! निम्मे लोक काटे पाहूनच घरी जाते. गर्दी कमी होते."

अशा एका रविवारी तिच्या दारात प्राध्यापक जीवराम सुरवाडे लुनावरून उतरले. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. बौद्धवाड्यात, कंदिलाच्या उजेडात शिकून वर आलेला माणूस. एकही गोष्ट मोजल्याशिवाय मानायची नाही असा स्वभाव. खानदेशात दम्यावर लोक कोणकोणती झाडं वापरतात यावर त्यांचा प्रबंध चालला होता. त्यांनी वही काढली आणि विचारलं, "काढ्याला रिंगणी किती घेता?"

"मूठभर."

"कुणाची मूठ?"

भिकुबाईनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घरवाल्याची मूठ घेतली तं जास्त होते. सासूची घेतली तं कमी. तुमची घेतली तं औषधच व्हनार नाही."

सुरवाडे सरांनी तेही लिहून घेतलं. हा माणूस आपल्याला पुरून उरणार, हे तिला तिथंच कळलं असावं, कारण तिनं त्यांना चहा दिला. चहा पिता पिता सर सांगू लागले की ही सगळी झाडांचीच करामत आहे. अडुळशातल्या एका द्रव्यावरून कफ पातळ करायची गोळी निघाली. दम्यावर डॉक्टर जे थिओफिलिन देतात ते पहिल्यांदा चहाच्या पानात सापडलं.

"या चहात?"

"थोडंसं असतं. अगदी थोडं."

"म्हंजे मी तीस वर्षं औषध पिऊन राह्यली, आन् तरी मले दमा?" तिनं कपाकडे असं पाहिलं की जणू त्यानं तिचा विश्वासघात केला होता. "मंग तुमची रिंगणी तरी काय दिवे लावनार?"

"तेच तर बघायचंय," सर म्हणाले.

सर डॉक्टर नारखेड्यांकडे आले. डॉक्टर तापट, पण नव्या गोष्टीला नाही म्हणत नसत. दोघांनी मिळून बेत आखला. चाळीस रोगी घ्यायचे. नेहमीच्या गोळ्या सगळ्यांच्या चालू राहतील. शिवाय वीस जणांना रिंगणीच्या पुडीच्या कॅप्सुला आणि वीस जणांना नुसत्या पिठाच्या. कोण कुठल्या गटात हे रोग्याला सांगायचं नाही. दर मंगळवारी सगळ्यांनी यायचं आणि एका नळीत जोरात फुंकायचं. नळीतला काटा किती पुढं सरकतो त्यावरून छाती किती मोकळी ते कळतं. आठ आठवड्यांनी हिशेब. ही गोष्ट अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यातली.

दोन प्रकारच्या कॅप्सुला आहेत हे डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. कुणीही ऐकलं नाही. सरकारी भाषेत लिहिलेलं काही वाचलं जात असलं की आपल्याकडे लोक मान हलवतात, तशी सगळ्यांनी हलवली.

कॅप्सुला भरायचं काम माझ्याकडे होतं. कॉलेजातून रिंगणीची वाळवलेली, दळलेली, तपासलेली पूड यायची. पीठ ज्वारीचं, माझ्याच घरचं. मी दोन हजारांवर कॅप्सुला हातानं भरल्या. बोटं आठवडाभर हिरवट होती आणि बायको म्हणत होती, तुम्ही दवाखान्यात जाता की रंगाऱ्याकडे.

भिकुबाईनं स्वतःचं नाव स्वतः घातलं. "माहं औषध, आन् मलेच नाही?" डॉक्टरांना तिच्याशी वाद घालायला वेळ नव्हता. पहिल्या दिवशी तिनं नळीत फुंकलं, काटा एकशे ऐंशीवर अडकला. तिच्या वयाच्या बाईचा साडेतीनशेच्या पुढं जायला हवा. "ही नळी खराब आहे," ती म्हणाली आणि तोंड पुसलं.

तिसऱ्या मंगळवारी मी खिडकीत होतो. बाहेरच्या बाकावर रोगी बसले होते. एकाएकी आवाज आला, "हे तं ज्वारीचं पीठ!"

भिकुबाईनं स्वतःची कॅप्सूल दातानं फोडून चाखली होती. मी खिडकीतून बाहेर येईपर्यंत तिनं शेजारणीची फोडली. शेजारीण धुळ्याकडची केसरबाई, जळगावला लेकीकडे राहायला आलेली, गरीब स्वभावाची. तिनं जीभ लावली आणि तोंड वाकडं केलं. "ओ माय! हाई बठ्ठं कडू शे!"

"तुले खरं औषध आहे," भिकुबाईनं निकाल दिला. "मले पीठ. आना, तुमची आना इकडे."

पाच मिनिटांत अख्ख्या बाकाचा निकाल लागला. तिनं एकेक कॅप्सूल चाखून माणसं दोन बाजूंना बसवली, लग्नातल्या वरपक्ष-वधूपक्षासारखी. पीठवाले उठून माझ्या अंगावर आले. त्यातला एक रेल्वेतला फिटर, उखर्डूभाऊ, आदल्याच आठवड्यात डॉक्टरांचे पाय धरून म्हणाला होता की दहा वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं. आपण पीठ खात होतो हे कळताच तो बाकावर बसला आणि त्याला तिथल्या तिथं दम लागला. खरा दम. शिट्टी वाजत होती छातीत. डॉक्टरांनी त्याला इंजेक्शन दिलं आणि मग सगळ्यांना बाहेर काढून भिकुबाईला आत बोलावलं.

डॉक्टर इतके ओरडले की वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचा पेशंट उठून गेला. सुरवाडे सर मात्र ओरडले नाहीत. ते खुर्चीत बसून कॅप्सुलांच्या डब्याकडे बघत राहिले. आठ महिने त्यांनी बांधाबांधांवरून रिंगणी गोळा केली होती. हाताला काटे रुतून पिकले होते. त्यांचे डोळे भरलेले दिसले तशी भिकुबाई नरमली.

"सर, पन तुमी आमाले फसवलं कायले?" तिनं हळू विचारलं.

सरांनी समजावून सांगितलं. माणसाला नुसतं औषध मिळालं या विचारानंही बरं वाटतं. तेवढं बरं वाटणं वजा केल्याशिवाय झाडात खरंच काही आहे का, हे कळत नाही. म्हणून काहींना पीठ.

ती विचारात पडली. "म्हंजे तो उखर्डू पिठानं बरा व्हता?"

"काही अंशी."

"आन् मी सांगितल्यावर पडला."

"हो."

तिनं बोटांवरचं पीठ पदराला पुसलं. मग म्हणाली, "सर, फसवायचं तं नीट फसवा ना. ज्वारीच्या पिठाले कोन फसते? आमी जन्मभर तेच खातो. पिठात जरा किराईत घाला. तेही कडू, हेही कडू. रंग मारा. मंग कोनाचा बाप वळखते ते पाहू."

डॉक्टर आणि सर एकमेकांकडे बघू लागले. किराईत तापावरचं, श्वासावरचं नाही. डॉक्टर म्हणाले, चिमूटभरानं काही बिघडणार नाही.

"आन् हा बन्सीभाऊ," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "याले खिडकीतून हटवा. याच्या तोंडावर सगळं दिसते. पीठवाल्याले कॅप्सुला देताना हा जास्त गोड बोलते."

मला धक्का बसला, कारण ते खरं होतं. केसरबाईला मी नुसत्या कॅप्सुला देत होतो आणि उखर्डूला 'सावकाश जा हो भाऊ' म्हणत होतो. मनात अपराधीपणा होता, तो जिभेवर गोडी होऊन यायचा. ही बाई बाकावर बसून ते सगळं टिपत होती.

पुढच्या हिवाळ्यात पहिल्यापासून सुरुवात झाली. कॅप्सुला कॉलेजातच भरल्या, डब्यांवर फक्त आकडे, आणि कुठला आकडा कशाचा ते पाकिटात बंद करून प्राचार्यांच्या कपाटात. रोगी नवे घेतले. भिकुबाई नियमानं यायला नको होती, पण ती डॉक्टरांच्या टेबलासमोर पदर खोचून उभी राहिली. शेवटी डॉक्टरांनी तिचा आकडा वेगळ्या कागदावर लिहायचं कबूल केलं. हिशेबात धरायचा नाही, फक्त बघायचं.

पहिल्याच मंगळवारी मी तिला विचारलं, "अक्का, उघडली का कॅप्सूल?"

"उघडली."

"मग?"

"कडू." तिनं खांदे उडवले. "काय ते कळलं नाही. पयल्यांदा तुमी लोकांनी धड काम केलं."

त्याच महिन्यात जिनातल्या मुकादमानं तिला सांगितलं, दर मंगळवारी खाडा चालणार नाही. तिनं मुकादमाला त्याच्या सात पिढ्यांसह उत्तर दिलं आणि जिन सोडलं. असोद्यातच केळीच्या बागेत पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंब, कापायला जाऊ लागली. नवरा सुपडू, जो वर्षातून चार वाक्यं बोलायचा, त्यातलं एक बोलला, "बरं केलं."

आठ आठवडे संपले. पाकीट फुटलं तेव्हा डॉक्टर, सर, मी आणि भिकुबाई, चौघंच होतो. सरांनी आकडे मांडले. रिंगणीवाल्यांची फुंक सरासरी चाळीसेक अंशांनी वाढली होती. कडू पीठवाल्यांची वीसेक. म्हणजे झाडात काहीतरी होतं, यात शंका नाही. पण डॉक्टरांचा तोंडानं औषध ओढायचा पंप पाव तासात जे करायचा त्याच्यापुढं ते किरकोळ होतं, आणि निम्मं श्रेय तर कडवटपणाचंच.

सर खूश होते. शास्त्रज्ञ लोकांना किरकोळ खरं सापडलं तरी पुरतं.

मग डॉक्टरांनी वेगळा कागद उघडला. भिकुबाईची फुंक एकशे ऐंशीवरून दोनशे नव्वदवर गेली होती. दवाखान्यात कुणाचीच एवढी वाढली नव्हती. ती ताठ बसली. "सांगितलं व्हतं ना! माही रिंगणी—"

"तुम्हाला पीठ होतं," डॉक्टर म्हणाले.

 मी पाण्याचा पेला पुढं केला. मग ती हसायला लागली. हसता हसता खोकली, खोकता खोकता परत हसली. "पीठ! मी कडू पिठानं बरी झाली!"

"पिठानं नाही," डॉक्टर म्हणाले. "जिन सोडलंत म्हणून. तुमचा दमा त्या शेडमध्ये होता. तुम्ही रोज तिथं जाऊन तो छातीत घेऊन घरी येत होता. केळीनं बरं केलं तुम्हाला."

"म्हंजे सासूचा काढा..."

"थोडा उपयोग होता. पण रोज तूस आत जात असताना काढा काय करणार?"

ती घरी गेली. आता ही बाई आपला रविवार बंद करणार, असं मला वाटलं. तिनं बंद केला नाही, बदलला. दारात आलेल्याला पहिला प्रश्न रोगाचा नाही, कामाचा. "कुठं जातो कामाले?" कुणी रंगकाम करी, कुणी मिरच्या कांडे, कुणी कोंबड्यांच्या शेडमध्ये. "काढा देते, पन पयले त्या कोंबड्या सोड." आणि पंप वापरायची लाज वाटणाऱ्यांना ती शिव्या देऊन डॉक्टरांकडे पाठवायची. "तोंडाले पंप लावला तं लोक हासते म्हने. मेल्यावर काय टाळ्या वाजवनार हायेत?"

मग एका शनिवारी ती माझ्याकडे आली. "बन्सीभाऊ, ती नळी आठवडाभर दे. आन् तूही चाल."

जिनात तिच्या जुन्या मैत्रिणी होत्या, अकरा जणी. तिच्या सांगण्यावरून मी रोज सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी सुटताना जिनाच्या फाटकाबाहेर वही घेऊन उभा राहायचो. अकरा जणी नळीत फुंकायच्या आणि भिकुबाई उभी राहून ओरडायची, "जोरात! नवऱ्याले शिवी देतानी देते तसा जोर लाव!" पुढच्या शनिवारी मी वही डॉक्टरांना दाखवली. सकाळपेक्षा संध्याकाळचे आकडे रोज खाली, आणि सोमवारी सगळ्यात जास्त खाली. रविवारच्या सुट्टीनं मोकळी झालेली छाती सोमवारी एकदम आवळायची. डॉक्टरांनी आकडे पुन्हा पहिल्यापासून तपासले.

भिकुबाई वही घेऊन थेट जिनाच्या शेठकडे गेली. अकरा जणी मागं, मी सर्वांत मागं. शेठ मऊ माणूस होता, पण कागद पाहून म्हणाला, "या नळीवर कसा विश्वास ठेवायचा? कुणी हळू फुंकलं तर?"

"तुमी फुंका."

शेठनं चष्मा काढला, छाती भरली आणि फुंकलं. काटा दोनशे वीसवर थांबला. बायकांपैकी निम्म्या जणींपेक्षा कमी. त्याची बसायची केबिन शेडला लागूनच होती, वीस वर्षं.

"शेठ," भिकुबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला पहिल्यांदाच माया ऐकू आली, "तुमी तं आमच्यापेक्षा गेलेले."

दिवाळीच्या आत शेडला तूस ओढून घेणारे दोन मोठे पंखे लागले. एक लगेच बिघडला, पण दुसरा चालला. बायकांना तोंडाला बांधायला मलमलीचे कपडे मिळाले; त्यातल्या काहींची मुलांसाठी झबली शिवली गेली, हेही खरं. सगळ्यात आधी केबिन मात्र हलली, शेडपासून शंभर पावलं लांब.

सुरवाडे सरांना ब्याण्णव साली डॉक्टरेट मिळाली. प्रबंधात त्यांनी 'श्रीमती भिकुबाई सुपडू झोपे, असोदे' असं पूर्ण नाव आभारात छापलं. आधीच्या मसुद्यात 'स्थानिक माहितीदार' होतं. तिनं ते वाचून घेतलं आणि विचारलं होतं, "माहितीदार म्हंजे पोलिसाचा खबरी का?" सरांनी त्याच दिवशी बदललं.

पंच्याण्णवच्या थंडीत एका वर्तमानपत्राचा माणूस आला. दम्यावरचा गुप्त इलाज विचारायला. भिकुबाईनं त्याला तासभर समजावलं की गुप्त काही नाही, धूळ टाळा, डॉक्टरचं औषध सोडू नका, रिंगणीनं थोडं मोकळं वाटतं एवढंच. त्यानं सगळं लिहून घेतलं, परसात जाऊन फोटो काढला आणि रविवारी बातमी आली: 'असोद्याच्या भिकुबाईंची चमत्कारी वनस्पती'. फोटोत भिकुबाई रागानं बघत होती आणि तिच्या बाजूला ती चमत्कारी वनस्पती होती. तिच्या परसातलं वांगं. काटेरी देठ आणि जांभळं फूल पाहून पठ्ठ्यानं तेच टिपलं होतं.

पुढच्या रविवारी असोद्यात दीडशे माणसं आली. प्रत्येकाच्या हातात वांगी. काही जणांनी तर रोपंच उपटून आणली होती, मुळासकट, हाताला काटे टोचवून घेत. भिकुबाई ओट्यावर उभी राहिली, त्या सगळ्यांकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता या लोकांची धडगत नाही.

"सुपडू," ती नवऱ्याला म्हणाली, "कपाशीच्या काड्या आन."

असोद्यात भरिताची वांगी काड्यांवरच भाजतात. दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीत भरीत-भाकरीची पंगत बसली. धूर ज्या बाजूला जात होता त्या बाजूला तिनं एकाही दमेकऱ्याला बसू दिलं नाही. स्वतः हातात काठी घेऊन माणसं इकडून तिकडे हलवत होती. वाऱ्यानं दिशा बदलली की पंगतही उठून बदलायची. डॉक्टर नारखेडे आले होते, त्यांनी दोनदा वाढून घेतलं. सुरवाडे सर प्रत्येकाला सांगत फिरत होते की वांगं आणि रिंगणी एकाच कुळातली, तेव्हा बातमी अगदीच चुकलेली नाही. त्यांचं कुणीच ऐकत नव्हतं.